लॉगशीटला उत्तर कोण देणार?

एसटीच्या कोणत्याही आगारात जा, ‘केएमपीएल’ हा शब्द कानावर पडल्याशिवाय बाहेर पडणं कठीण. एका लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर चालली, एवढाच त्याचा अर्थ. पण आगार व्यवस्थापक विभागाच्या बैठकीत मान वर करून बसणार की खाली घालून, हे बरंचसं त्या आकड्याच्या दशांश चिन्हापुढे काय आहे त्यावर ठरतं. चालकाच्या नावापुढे तो लागतो, आगाराच्या नावापुढे लागतो आणि देशभरातल्या राज्य परिवहन उपक्रमांची तुलना होते तेव्हा महामंडळाच्या नावापुढेही लागतो.

त्याचा एवढा बोलबाला का, ते साध्या हिशेबाने कळतं. समजा, एक गाडी दिवसाला 300 किलोमीटर धावते. केएमपीएल 4.5 असेल तर तिला जवळजवळ 67 लिटर डिझेल लागेल; 5 असेल तर 60. फरक पावणेसात लिटरच्या आसपास. अशा 15,000 गाड्या धरल्या की रोजचा एक लाख लिटर. अर्ध्या किलोमीटरसाठी साहेब लोक एवढा आरडाओरडा का करतात, याचं उत्तर इथे आहे, आणि तो आरडाओरडा अगदीच अनाठायी नाही.

माझी तक्रार या आकड्याच्या प्रवासाबद्दल आहे. आपल्याकडे ताफ्याचे अहवाल खालून वर जातात आणि वरच राहतात. आगारातून विभागात, विभागातून मध्यवर्ती कार्यालयात, तिथून एखाद्या तक्त्यात. ज्याच्या हातात पाना आहे त्याच्याकडे ते परत येत नाहीत. आलेच तर मेमो होऊन येतात. अहवालांमुळे गाड्यांची देखभाल सुधारते आणि गाड्या जास्त कामाला येतात, हे मला मान्य आहे. मात्र त्यासाठी अहवालाने एका ठरावीक गाडीबद्दल प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर ज्याने तक्रार लिहिली त्या माणसापर्यंत पोचायला हवं. एवढं झालं नाही तर अहवालांचा ढीग वाढतो आणि गाडी जिथल्या तिथे धूर ओकत राहते.

आधी सरासरीचं बघू. चिपळूणची गाडी कुंभार्ली घाट चढून कराडला जाते आणि सोलापूरची गाडी सपाट रस्त्याने धावते. दोन्ही आगारांचा केएमपीएल एकाच तक्त्यात एकाखाली एक लिहून चिपळूणला ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मारायचा, याला काय म्हणावं? घाटाला मेमो देता येत नाही. तुलना करायचीच तर त्याच मार्गावर, त्याच बनावटीच्या, साधारण तेवढ्याच वयाच्या गाड्यांमध्ये करावी. अशी तुलना करायला नवीन यंत्रणा लागत नाही, कागद तेच असतात. फक्त ते आगारवार न लावता मार्गवार आणि गाडीवार लावावे लागतात.

सरासरीत आणखी एक गोम आहे. दोन गाड्या घ्या. एक लिटरला 6 किलोमीटर देते, दुसरी 3. दोघी 300-300 किलोमीटर धावल्या. सरासरी साडेचार, असं कुणीही पटकन सांगेल. पण एकीला 50 लिटर लागले, दुसरीला 100. म्हणजे 600 किलोमीटरला 150 लिटर, सरासरी 4. आता पहिलीवर मेहनत घेऊन तिला 6 वरून 8 वर नेलं तर 300 किलोमीटरमागे साडेबारा लिटर वाचतील. दुसरीला 3 वरून 4 वर आणलं तर 25 लिटर. कागदावर पहिलीची सुधारणा दोन किलोमीटरची आणि दुसरीची एकाचीच. टाकीत मात्र दुप्पट फायदा दुसरीचा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी 2008 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हीच गफलत मांडली होती: इंधनाचा हिशेब ‘लिटरला किती अंतर’ असा केला की माणसं हमखास चुकतात. युरोपात 100 किलोमीटरला किती लिटर, असा उलटा हिशेब चालतो, तो या बाबतीत शहाणपणाचा आहे.

यातून निघणारी गोष्ट सरळ आहे. आगाराची सरासरी 4.6 ची 4.7 कशी होईल यावर बैठक घेण्यापेक्षा सगळ्यात वाईट दहा गाड्यांचे नंबर फळ्यावर लिहावेत. आणि मग त्या गाड्यांकडे जावं. केएमपीएल पडलेली गाडी बहुतेक वेळा काहीतरी सांगत असते: टायरमध्ये हवा कमी आहे, एअर फिल्टर तुंबला आहे, क्लच घसरतो आहे, ब्रेक धरून राहतो आहे. गाडी फेरी संपवून आली की जुना मेकॅनिक चारही हबना हाताची पालथी बाजू नुसती जवळ नेऊन बघतो. तीन कोमट आणि एक चटका देणारा असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही, हे त्याला कळतं. ती गाडी दिवसभर ब्रेक दाबून पळाली. डिझेल जास्त लागलं, लायनर झिजलं, टायर तापला, आणि महिनाअखेरीस चालकाच्या नावापुढे लाल शेरा पडला. चालक वाईट की गाडी वाईट, हे ठरवायचा उपायही जुनाच आहे. तोच चालक दुसऱ्या गाडीवर द्या, दुसरा चालक या गाडीवर द्या, आणि पंधरा दिवसांनी दोघांचे आकडे बघा. वाईट आकडा चालकामागे गेला तर त्याला ‘हाफ क्लच’वर गाडी चालवायची सवय आहे, प्रशिक्षण द्या. आकडा गाडीपाशीच थांबला तर गाडी उघडा. मेमोची गरज दोन्ही वेळा नाही.

आता लॉगशीटकडे येऊ. माझ्या मते ताफ्याच्या कारभारात याच्यापेक्षा मोलाचा कागद दुसरा नाही, आणि याच्याइतकी हेळसांडही कुठल्या कागदाची होत नसेल. गाडी आगारात शिरते, डिझेल भरते, आणि चालक दिवसभराच्या तक्रारी लिहून देतो. भाषा तुटक असते पण नेमकी. ‘गाडी डावीकडे ओढते.’ ‘चढाला पिकअप नाही.’ ‘तिसरा गिअर सुटतो.’ ‘हवा धरत नाही.’ ‘मागचा पाटा बघणे.’ अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या माणसाला यंत्र लावून जे शोधावं लागेल, ते आठ तास त्या सीटवर बसलेल्या माणसाने चार शब्दांत सांगितलेलं असतं. आणि त्यापुढच्या रकान्यात, रात्रपाळीच्या घाईत, पुष्कळदा लिहिलं जातं: ‘तपासले, ठीक आहे.’

दुसऱ्या दिवशी दुसरा चालक लिहितो, ‘गाडी डावीकडे ओढते.’ पुन्हा ‘तपासले, ठीक आहे.’ चौथ्या दिवशी कुणी काही लिहीत नाही. गाडी सुधारलेली नसते, लिहिण्यावरचा विश्वास उडालेला असतो. वरच्या कार्यालयात मात्र त्या गाडीच्या तक्रारी शून्यावर आल्याची नोंद होते आणि आलेख खाली गेल्याचा आनंद होतो. तक्रारी कमी होणं हे दर वेळी शुभलक्षण नसतं, हे ज्या व्यवस्थापकाला कळत नाही त्याच्या हातात कितीही सुंदर आलेख दिले तरी उपयोग नाही.

म्हणून, मला एकच रकाना वाढवायची मुभा दिली तर मी तो असा ठेवीन: तीच तक्रार पंधरा दिवसांत पुन्हा आली का? बस्स. एकूण किती कामं झाली, किती मनुष्यतास लागले, याचे तक्ते खुशाल ठेवा. पण परत आलेली तक्रार ही खरी माहिती आहे. एका गाडीत ती परत आली तर दुरुस्ती नीट झाली नाही किंवा चुकीच्या ठिकाणी झाली. अनेक गाड्यांत एकाच भागाची परत आली तर भाग निकृष्ट आहे, आणि त्याची चौकशी कार्यशाळेत न करता खरेदी विभागात करायला हवी. एकाच आगारात परत येत असेल आणि शेजारच्या आगारात नाही, तर हत्यारं, जागा किंवा हाताखालची माणसं यांत काहीतरी कमी आहे. एका रकान्यातून तीन वेगळ्या दारांवर थाप पडते. शिवाय ज्या चालकाने लिहिलं त्याला दुसऱ्या दिवशी दोन ओळींचं उत्तर मिळालं, ‘टाय रॉड एंड बदलला, चालवून सांगा’, तर तो पुढच्या वेळी जास्त नेमकं लिहील.

यावर अनुभवी अधिकारी हसतील, आणि त्यांचं हसणं मी हलक्यावारी घेणार नाही. ते म्हणतील, तुम्ही लेख लिहिता, आम्हाला माणसं हाकायची असतात. आकड्याचा धाक नसेल तर कोण काम करील? लायनर घासून पत्र्याला लागेपर्यंत गाडी तशीच जाईल. यात तथ्य आहे. ज्या आगारात कोणी काही विचारतच नाही तिथली अवस्था धाकाच्या आगारापेक्षा वाईट असते. प्रश्न धाक असावा की नसावा असा नाही, तो कशाचा असावा असा आहे.

चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं, ते आता सगळ्या कारभारांना लागू केलं जातं: ज्या मोजमापाला तुम्ही नियंत्रणाचं हत्यार करता, ते मोजमाप म्हणून भरवशाचं राहत नाही. वाहनांच्या ताफ्यात याचे पुरावे शोधायला फार लांब जावं लागत नाही. दर 10,000 किलोमीटरमागे किती बिघाड, हा आपल्याकडे वापरला जाणारा आकडा. त्यावरून शिक्षा होऊ लागली की बिघाड ‘उशीर’ या नावाने नोंदला जातो. वाटेत बंद पडलेली गाडी चालकाने जुगाड करून आणली तर नोंदच होत नाही. रोज किती टक्के गाड्या रस्त्यावर, यावर बोलणी बसू लागली की अर्धवट तयार गाडी फाटकाबाहेर काढली जाते, एखादी जवळची फेरी मारून आणली जाते, आणि ती ‘रस्त्यावर’ मोजली जाते. मीटर बंद असलेल्या गाडीचे किलोमीटर मार्गाच्या ठरलेल्या अंतरावरून धरले जातात, मग केएमपीएलचा दशांश कितीही अचूक दिसो, तो अंदाजच. ही लबाडी करणारी माणसं वाईट असतात असं मला वाटत नाही. खरं लिहिलं तर मार आणि खोटं लिहिलं तर शांतता, असा व्यवहार वरच्यांनीच ठरवलेला असतो.

धाक ठेवायचाच तर न लिहिण्याचा ठेवा. बिघाड झाला म्हणून नव्हे, बिघाड लपवला म्हणून जाब विचारा. विमान वाहतुकीने हा धडा बराच आधी घेतला. विमानांचाच विषय निघाला आहे, तर तिथली एक हकीकत सांगायला हवी, कारण देखभालीच्या अहवालांतून निघालेला याहून चक्रावणारा निष्कर्ष मला माहीत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची कोस्टल कमांड अटलांटिक महासागरावर जर्मन पाणबुड्या शोधत फिरत असे. विमानं मोजकी, आणि त्यातली बरीच दुरुस्तीला उभी. 1941 मध्ये पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाने तिथे शास्त्रज्ञांचा एक गट उभा केला. (हेच ब्लॅकेट पुढे 1948 मध्ये नोबेलचे मानकरी झाले आणि नेहरूंना संरक्षणविषयक सल्ला द्यायला भारतात येत राहिले.) गटातला कॉनराड वॉडिंग्टन हा भ्रूणशास्त्राचा अभ्यासक. म्हणजे गॅरेजशी कुणाचा फारसा संबंध नव्हता. त्यांनी विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी काढल्या. दर 50 तासांच्या उड्डाणानंतर ठरलेली तपासणी होत असे. तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत आणि पुढच्या तपासणीपर्यंत हळूहळू वाढत जावेत, असं कुणीही म्हणेल. नोंदी उलटं सांगत होत्या. बिघाड सर्वांत जास्त होते ते तपासणीनंतर लगेच, आणि मग ते कमी होत जात. ठीक चाललेलं यंत्र उघडून, हलवून, परत बसवण्यातच नवे दोष शिरत होते. तपासण्यांमधलं अंतर वाढवलं, कामं नेमकी केली, आणि विमानांचे उड्डाणाचे तास लक्षणीय वाढले. वॉडिंग्टनचं यावरचं पुस्तक 1973 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी प्रवासी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला, त्यातही वयानुसार झिजून निकामी होण्याचा नमुना फक्त 11 टक्के भागांत दिसला. 68 टक्के भागांत धोका सुरुवातीलाच, बसवल्या-बसवल्या जास्त होता.

बस म्हणजे विमान नव्हे, हे मान्य. आपल्या रस्त्यांवर पाटे आणि बुश झिजतात ते वयाने आणि खड्ड्यांनी झिजतातच. ब्रेक आणि स्टेअरिंग यांची तपासणी ठरलेल्या वेळी झालीच पाहिजे, तिथे आकडेमोडीचा शहाणपणा नको. पण डॉकिंगमधून, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या देखभालीतून, बाहेर पडलेली गाडी पहिल्या आठवड्यात किती वेळा बंद पडते आणि चौथ्या आठवड्यात किती, हा प्रश्न कुठल्याही आगारात आजच्या आज विचारता येईल. दोन्ही तारखा नोंदलेल्या असतात. पहिल्या आठवड्याचा आकडा मोठा निघाला तर डॉकिंगच्या पद्धतीत काहीतरी चुकतं आहे: नट कसण्याची घाई, एका गाडीवरचा भाग दुसऱ्या गाडीला लावण्याची सवय, किंवा काम अर्धवट टाकून पाळी बदलणं. ‘डॉकिंग शंभर टक्के वेळेवर पूर्ण’ या शेऱ्यातून यातलं काही कळत नाही. डॉकिंग वेळेवर होणं आणि चांगलं होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गाड्या किती कामाला येतात, त्या उत्पादकतेबद्दलही थोडक्यात. गाडी दिवसाला किती किलोमीटर धावली हे माप प्रवासी वाहतुकीत चालतं. अग्निशमनाच्या बंबाला ते लावाल तर दिवसभर गावातून फेऱ्या मारणारा बंब सर्वोत्तम ठरेल. त्याचं काम उभं राहणं हेच आहे, फक्त किल्ली फिरवताच सुरू होण्याच्या तयारीत. रुग्णवाहिकेचंही तसंच. महापालिकांच्या ताफ्यात घंटागाडी, बंब, टँकर आणि साहेबांची मोटार एकाच नमुन्यातल्या तक्त्यात भरली जाते, तेव्हा तो तक्ता भरणाऱ्याची कीव येते.

पण उभ्या गाडीचा एक हिशेब सगळ्यांनाच लागू पडतो आणि तो फार कमी ठिकाणी ठेवला जातो. कार्यशाळेत गाडी दहा दिवस उभी होती. त्यातले किती दिवस तिच्यावर हात चालला, आणि किती दिवस ती सुट्या भागाची वाट बघत होती? ‘कार्यशाळेत’ एवढाच शेरा असला की दहाही दिवसांचा दोष मेकॅनिकच्या माथी येतो. दिवस वेगळे मोजले की बऱ्याच ठिकाणी दिसेल की काम दीड दिवसाचं होतं, उरलेले दिवस मागणीपत्र टेबलांवरून फिरत होतं. तोवर त्या उभ्या गाडीचा सेल्फ एकीला, अल्टरनेटर दुसरीला असं करत ती गाडी सुट्या भागांचं कपाट होऊन जाते. मग भाग आला तरी ती निघत नाही. अहवाल खरा असेल तर तो असा वरच्या मजल्याकडेही बोट दाखवतो. कदाचित म्हणूनच तो रकाना नसतो.

हे सगळं संगणकाने आपोआप सुटेल असं मानणारा एक वर्ग आहे. नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जानेवारी 2019 पासून ‘एआयएस-140’ प्रमाणाचं स्थानदर्शक यंत्र सक्तीचं झालं. एप्रिल 2020 पासून बीएस-6 इंजिनं आली, ती आपले दोष सांकेतिक क्रमांकात स्वतःच सांगतात. म्हणजे लॉगशीट लिहिणारा आता चालक एकटा नाही, गाडीही लिहिते. वाचणारा कोण, हा प्रश्न मात्र तसाच आहे. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की चालक सांगतो, मेकॅनिक तो ‘रिसेट’ करतो, दिवा जातो, दोष राहतो. ‘तपासले, ठीक आहे’ याचंच हे इलेक्ट्रॉनिक रूप. उलट चार ट्रकचा एखादा मालक, ज्याच्याकडे लाल पुठ्ठ्याची डायरी आहे आणि त्यात प्रत्येक टायरचा नंबर, बसवल्याची तारीख, रिमोल्डची तारीख आणि किलोमीटर हाताने लिहिलेले आहेत, तो त्या डायरीवरून टायरवाल्याशी भांडतो, घासाघीस करतो आणि पुढच्या वेळी कुठला टायर घ्यायचा ते ठरवतो. त्याचा अहवाल लिहिणारा, वाचणारा आणि पैसे मोजणारा माणूस एकच असल्यामुळे तो खरा असतो. मोठ्या संस्थेत ही तीन माणसं वेगळी असतात, आणि त्यांना एकमेकांशी बोलायला लावणं हेच व्यवस्थापनाचं काम.

हे काम येत्या काळात अवघड होत जाणार आहे, आणि त्याचं कारण कार्यशाळेत नाही, करारपत्रात आहे. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याला धावली. 1 जून 2022 रोजी त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. मधल्या काळात दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळांत आणि आगाराआगारांत जे ज्ञान साचलं ते महामंडळाच्या स्वतःच्या माणसांकडे होतं. विजेच्या बस बहुतांशी किलोमीटरमागे ठरलेल्या दराने ठेकेदाराकडून घेतल्या जातात. गाडी त्याची, चालक त्याचा, देखभाल त्याची. सार्वजनिक संस्थेच्या हाती उरतात ते धावलेले किलोमीटर आणि दंडाचा तक्ता. मुंबईत फेब्रुवारी 2023 मध्ये महिन्याभरात आगीच्या तीन घटना झाल्यावर ‘बेस्ट’ला ठेक्यावरच्या 400 सीएनजी बस एकदम रस्त्यावरून काढाव्या लागल्या. चारशे गाड्या सरसकट काढाव्या लागतात तेव्हा त्यातली धोक्याची गाडी कुठली आणि बिनधोक कुठली, हे सांगणारी नोंद निर्णय घेणाऱ्याच्या हाताशी नव्हती, असाच अर्थ मी घेतो. आणि प्रवाशाने गाडी का आली नाही म्हणून विचारलं तर तो ठेकेदाराला विचारत नाही.

किलोमीटरवर पैसे आणि बिघाडावर दंड, एवढ्यावर बेतलेला करार म्हणजे गुडहार्टचं निरीक्षण स्टँपपेपरवर लिहून दिल्यासारखंच झालं. बिघाड लपवण्यात ठेकेदाराचा थेट फायदा. म्हणून दहा-बारा वर्षांचे हे करार करताना दरावर जेवढी रात्र-रात्र घासाघीस होते, त्यातला एक तास तरी एका कलमावर खर्च व्हावा: प्रत्येक गाडीची चालकाने लिहिलेली तक्रार, त्यावर झालेलं काम, बदललेला भाग, बॅटरीची दर महिन्याची स्थिती आणि गाडीने स्वतः नोंदवलेले दोष, ही सगळी नोंद मूळ स्वरूपात, रोजच्या रोज, सार्वजनिक संस्थेच्या मालकीची असेल. आणि ती वाचायला महामंडळाचा पगार घेणारा, वंगणाने हात काळे केलेला एक यंत्र अभियंता प्रत्येक आगारात नेमलेला असेल, ज्याला ‘ही गाडी आज सोडू नका’ असं म्हणायचा अधिकार आहे.